चांगुलपणाच्या अटीवर मिळालेले घर

असगर वजाहत यांचे ‘जिस लाहौर नइ देख्या ओ जम्याइ नइ’ हे नाटक हबीब तन्वीर यांनी १९९० साली दिल्लीत रंगमंचावर आणले. मराठीत शफाअत खान यांनी त्याला ‘राहिले दूर घर माझे’ हे रूप दिले आणि वामन केंद्रे यांनी त्याचे दिग्दर्शन केले. ‘मुंबईचे कावळे’, ‘शोभायात्रा’ अशी उपरोधाने भरलेली नाटके लिहिणाऱ्या शफाअत खान यांनी हे सरळ, हृदयाला हात घालणारे नाटक मराठीत आणावे, याचे आपल्या वाचकांना विशेष वाटणे साहजिक आहे. मुस्लिम समाजातून आलेला एक मराठी नाटककार एका हिंदू म्हातारीची लाहोरमधली कहाणी मराठी प्रेक्षकांसमोर ठेवतो, ही घटना लहान नाही.

या नाटकाचा उल्लेख बहुतेक वेळा ‘हिंदू-मुस्लिम ऐक्याचे नाटक’ असा होतो. अशी पाटी लागली की नाटकाचा सन्मान होतो, पण ते नीट वाचायचे राहून जाते. ऐक्य म्हणजे नेमके काय, ते कोणत्या अटीवर होते आणि त्याची किंमत कोण देतो, हे प्रश्न पाटीच्या मागे झाकले जातात. मराठवाड्यात, त्यातही बीडसारख्या जिल्ह्यात बसून हे नाटक वाचणाऱ्या मुस्लिम वाचकाला मात्र ते प्रश्न टाळता येत नाहीत. म्हणून या नाटकाचे कौतुक गृहीत धरून, त्याच्या आत दडलेली एक अट तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

कथानक थोडक्यात असे. फाळणीनंतर लखनौहून लाहोरला आलेले सिकंदर मिर्झा यांचे कुटुंब काही महिने निर्वासितांच्या छावणीत काढते. मिर्झा, पत्नी हमीदा बेगम, मुलगा जावेद आणि मुलगी तन्नो. अखेर त्यांना एका हिंदू जवाहिऱ्याची बावीस खोल्यांची हवेली सरकारकडून मिळते. मालक रतनलाल दंग्यात नाहीसा झालेला आहे. पण हवेली रिकामी नाही. वरच्या मजल्यावर रतनची म्हातारी आई राहते आहे आणि ती घर सोडायला तयार नाही. मिर्झांच्या हातात सरकारी कागद आहे, म्हातारीजवळ तिचे सगळे आयुष्य आहे. मोहल्ल्यातल्या पहलवानाचा डोळा हवेलीवर आणि तिच्यात पुरलेल्या धनावर आहे. पहलवानाच्या मदतीने म्हातारीला दूर करण्याची गोष्टही निघते. पण दिवस जातात तसे घरातली माणसे तिच्या जवळ येतात आणि ती या घराची आजी होऊन जाते. ती दिवाळी साजरी करण्याची परवानगी मागते, ती मिळते आणि पहलवान बिथरतो. आपल्यामुळे या माणसांना त्रास नको म्हणून ती दिल्लीला निघते, तेव्हा ज्यांना ती घराबाहेर हवी होती तेच तिला जाऊ देत नाहीत. शेवटी ती मरते. तिचे अंत्यसंस्कार कसे करायचे, हा प्रश्न उभा राहतो. मोहल्ल्याचे मौलवी सांगतात की तिच्या धर्माप्रमाणेच झाले पाहिजेत. मुसलमानांच्या खांद्यावरून तिची तिरडी रावीच्या काठी जाते. आणि मौलवींना मशिदीत ठार मारले जाते.

या नाटकाचे पहिले सामर्थ्य असे की त्यात दोन धर्मांचे भांडण व्यासपीठावरून होत नाही, स्वयंपाकघरातून होते. नवीन घरात आलेल्या हमीदा बेगमला कोळसा कुठे मिळतो, पाणी कुठून आणायचे, कोणत्या दुकानात काय स्वस्त, हे सांगणारे दुसरे कुणी नाही. शत्रू समजलेल्या बाईलाच ते विचारावे लागते. म्हातारी पंजाबी बोलते, हे कुटुंब लखनवी उर्दू बोलते. एकमेकींचे शब्द कळत नाहीत, पण चूल दोघींना कळते. नाते असे जमते. त्यामागे कोणाचे प्रवचन नाही, रोजची गरज आहे. आपल्याकडे दखनी आणि मराठी यांच्या सरमिसळीत वाढलेल्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. वाडा असो की गल्ली, शेजार प्रथम विरजण, पीठ आणि पोराबाळांची राखण यांतून जमतो, ‘सलोखा’ हा शब्द त्याला मागाहून चिकटतो.

परंतु नेमक्या याच ठिकाणी एक शंका येते. रतनची आई या घरात स्वीकारली जाते ती का? ती घराची मालकीण होती म्हणून नाही. तिच्यावर अन्याय झाला म्हणूनही नाही. ती उपयोगी आहे, प्रेमळ आहे, सगळ्यांच्या दुखण्याखुपण्याला धावून जाते, म्हणून. मोहल्लाभर तिचे कौतुक होते ते तिच्या सेवेमुळे. आता जरा कल्पना करून पाहा. ही म्हातारी तुसडी असती, दिवसभर शिव्याशाप देणारी असती, ‘माझ्या घरात तुम्ही कसे शिरलात’ म्हणून रोज भांडणारी असती, तर? तिचा हक्क तेवढाच असता. किंबहुना भांडण्याचे कारण तिच्याकडे जास्त होते. पण मग तन्नो तिला दादी म्हणाली असती काय? हमीदा बेगम तिच्या आड उभी राहिली असती काय? आणि प्रेक्षक तिच्यासाठी रडला असता काय?

चांगुलपणाची ही अट आपण अल्पसंख्याक लोक चांगली ओळखतो. ‘तुम्ही मुसलमान आहात असे वाटतच नाही’, ‘तुम्ही मराठी किती शुद्ध बोलता’, ‘सगळे तुमच्यासारखे असते तर काही भांडणच नसते’, ही वाक्ये न ऐकलेला मराठी मुसलमान विरळा. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. उलट तो जवळीक दाखवत असतो. पण त्या जवळिकीत एक परीक्षा लपलेली असते. तुम्ही पास झालात म्हणून तुम्ही आमचे, तुमचा भाऊ नापास झाला म्हणून तो परका. खोली भाड्याने देताना, पोरांची मैत्री घरापर्यंत येताना, सोयरिकीसारखा नाजूक विषय निघताना ही परीक्षा पुन्हा पुन्हा होते. रतनच्या आईने ती परीक्षा उत्तम गुणांनी पार केली आहे. हीच तिच्या व्यक्तिरेखेची मोहिनी आहे आणि हाच तिचा दोषही.

मराठी रंगभूमीवर याचे एक जुने उदाहरण आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) मध्ये दाऊद हा सखारामचा मित्र. गणपतीच्या आरतीत तो सूर मिसळतो तेव्हा मुसलमानाने आरती म्हणायची नाही, असे लक्ष्मी म्हणते आणि सखाराम तिला बेदम मारतो. तेंडुलकरांनी इथे केवढी मोठी गोष्ट टिपली आहे! धर्माची भिंत एका बाईच्या तोंडून बाहेर येते आणि ती पाडण्याचा मार्ग म्हणजे त्या बाईलाच मारणे. दाऊदचा मान राखला जातो, पण त्याची किंमत लक्ष्मीच्या अंगावर उमटते. असे असले तरी दाऊदला स्वतःला काय वाटले, हे नाटक थांबून विचारत नाही. तो भला आहे, मित्राला जपणारा आहे, आरती म्हणणारा आहे. पुढे चंपा दाऊदकडे जाते हे लक्ष्मीकडून कळल्यावर सखाराम चंपाचा गळा घोटतो, तेव्हाही दाऊद नाटकाच्या बाहेरच्या बाजूला राहतो. सगळे नाटक सखारामच्या घरात घडते. दाऊदच्या घराचा दरवाजा प्रेक्षकांसाठी उघडत नाही. हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’ (१९६५) या कादंबरीने कोकणातल्या मुस्लिम घराचे आतले अंगण मराठी वाचकाला दाखवले. तेंडुलकरांच्या नाटकातला मुसलमान मात्र मित्र म्हणून दुसऱ्याच्या घरी येतो, गप्पा मारतो आणि निघून जातो.

दुसऱ्या टोकाला ‘कन्यादान’ (१९८३) आहे. तिथे धर्म नाही, जात आहे. समाजवादी विचारांचे नाथ देवळालीकर आपली मुलगी ज्योती हिला दलित कवी अरुण आठवले याच्याशी लग्न करायला आनंदाने संमती देतात. अरुण तिला मारहाण करतो. घरातल्या नात्यांवर सामाजिक इतिहास कसा तुटून पडतो, हे दाखवणारे ते प्रखर नाटक आहे. १९९३ च्या सरस्वती सन्मानाचा मानही त्याला मिळाला. त्यावर दलित वाचकांनी जो राग व्यक्त केला तो समजून घेण्यासारखा आहे. अरुण हा एक माणूस म्हणून वाईट वागतो की त्याच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून, हा निवाडा नाटकाने प्रेक्षकावर सोडला आणि प्रेक्षकाने तो कसा केला असेल, हे सांगायला नको. भल्या दाऊदला आपण उदाहरण म्हणून पुढे करतो, वाईट अरुणला पुरावा म्हणून. साधा माणूस म्हणून कोणालाच राहू देत नाही.

ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न महेश दत्तानी यांच्या ‘फायनल सोल्युशन्स’ या इंग्रजी नाटकात दिसतो. १९९३ साली बंगळुरात त्याचा पहिला प्रयोग झाला. दंग्याच्या रात्री जावेद आणि बॉबी हे दोन मुस्लिम तरुण जमावापासून जीव वाचवत रमणिक गांधी यांच्या घरी आसरा मागतात. यातला जावेद भला पोरगा नाही. तो दंग्यासाठी पैसे देऊन आणलेल्यांपैकी आहे. घरात प्रत्येकाची चीड वेगळी. रमणिकच्या पत्नीला पाण्याच्या भांड्याचा आणि देवघराचा विटाळ खुपतो, आजीला फाळणीच्या दिवसांतली जखम खुपते. आणि शेवटी रमणिकच्या तोंडून बाहेर येते की आजीच्या मैत्रिणीच्या वडिलांचे दुकान त्याच्याच वडील-आजोबांनी जाळले होते आणि मग अर्ध्या किमतीत विकत घेतले होते. धर्माच्या भांडणाखाली दुकानाचे भांडण निघते, जसे वजाहत यांच्या नाटकात हवेलीचे निघते. फरक इतकाच की दत्तानी दार उघडताना समोरच्याचे चारित्र्य विचारत नाहीत. जावेदला आसरा मिळतो तो चांगला मुलगा म्हणून नव्हे, बाहेर जमाव त्याला मारायला टपला आहे म्हणून.

मग ‘राहिले दूर घर माझे’ कमी प्रतीचे ठरते काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण मौलवी इकरामउद्दीन ही व्यक्तिरेखा आहे. घरातली माणसे म्हातारीच्या प्रेमात आहेत. कवी नासिर काझमी, जे नाटकातले पात्र असले तरी मूळचे अंबाल्याचे आणि फाळणीनंतर लाहोरला आलेले उर्दूचे खरेखुरे मोठे कवी होते, तेही तिच्या बाजूने आहेत, कारण त्यांचे मन कवीचे आहे. एकटे मौलवी तिच्या बाजूने उभे राहतात ते प्रेमासाठी नव्हे. तिने त्यांची सेवा केलेली नाही. त्यांचा आधार हक्काचा आहे. दिवाळीच्या वेळी आणि मरणाच्या वेळी ते एकच गोष्ट सांगतात: आपल्या धर्माप्रमाणे जगण्याचा आणि मरण्याचा हक्क तिला इस्लामनेच दिला आहे, तो काढून घेण्याचा अधिकार मोहल्ल्याला नाही. म्हातारी चांगली की वाईट, हा प्रश्न त्यांच्या बोलण्यात येतच नाही. संपूर्ण नाटकात चांगुलपणाची अट मोडणारा हा एकच माणूस आहे आणि म्हणूनच त्याला मरावे लागते.

आपल्या वाचकांना इथे दोन हदीस आठवतील. शेजाऱ्याविषयी जिब्रील अलैहिस्सलाम इतक्या वेळा ताकीद देत राहिले की शेजाऱ्याला वारसच ठरवतात की काय असे वाटले, असे पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. यात शेजारी कोणत्या धर्माचा, कोणत्या स्वभावाचा, अशी अट नाही. आणि दुसरी, एका यहुद्याची मय्यत जाताना पैगंबर उठून उभे राहिले आणि तो तर यहुदी होता असे कोणी म्हणताच, तोही एक जीव नव्हता का, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी केला. रावीच्या काठाकडे निघालेल्या त्या तिरडीमागे या दोन्ही हदीसची सावली आहे. मुसलमानांनी हिंदू म्हातारीला खांदा देणे ही नाटकातली नुसती गोड कल्पना नाही, मौलवींच्या दृष्टीने ते फर्ज आहे. इतर प्रेक्षकांना हा प्रसंग उदारपणाचा वाटत असेल. आपण त्याला उदारपणा म्हणू नये. देणे फेडण्याला कोणी उदारपणा म्हणत नाही.

याच कारणासाठी पहलवानाकडेही आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. लाहोरच्या त्या मोहल्ल्यात मुसलमान बहुसंख्य आहेत आणि दीनचे नाव घेऊन हवेलीवर डोळा ठेवणारा पहलवान आपल्यातलाच आहे. ‘मुसलमान असे नसतातच’ म्हणून त्याला नाकारता येणार नाही. तो आहे. मजहबच्या नावाखाली जागेचा, दुकानाचा, गल्लीतल्या दबदब्याचा व्यवहार करणारी माणसे प्रत्येक समाजात असतात. भारतात आपण अल्पसंख्य आहोत म्हणून आपल्या मोहल्ल्यात दुर्बळ कोणीच नाही, असे होत नाही. तिथेही एखादे एकटे हिंदू घर असते, दलित घर असते, आपल्यातल्याच एखाद्या लहान जमातीचे घर असते. त्यांच्यासाठी आपण कोण आहोत, मौलवी की पहलवान, हा प्रश्न वजाहत यांनी मुस्लिम वाचकापुढे थेट ठेवला आहे. मराठी प्रयोग पाहणाऱ्या बहुसंख्य प्रेक्षकाला मात्र हा आरसा चुकवता येतो. अन्याय करणारे मुसलमान, सोसणारी हिंदू आणि गाव लाहोर. डोळे पुसून घरी जाणे सोपे आहे. हा नाटककाराचा दोष नव्हे, पण नाटक एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात आले की त्याच्या टोकाची दिशा बदलते, हे समीक्षेने सांगितले पाहिजे.

ती दिशा इकडे वळवायची तर लाहोरपर्यंत जायला नको. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या वर्षी रझाकारांनी हिंदू गावांवर केलेले जुलूम मराठवाड्याच्या आठवणीत आहेत आणि ते असायलाच हवेत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर गावोगावच्या मुसलमानांवर जे कोसळले त्याची आठवण मात्र घरात दबक्या आवाजात राहिली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानाचा दौरा केला. तिच्या अहवालात तेव्हाच्या औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडमध्ये याहून किती तरी अधिक. हा अहवाल कित्येक वर्षे सरकारी दप्तरात पडून राहिला.

त्याच अहवालात एक नोंद आहे, जी आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे हिंदू हल्लेखोरांपासून रक्षण केले आणि त्यासाठी स्वतः मोठी किंमत मोजली. समितीने त्याचे कारण समान व्यवसायात पाहिले. एकाच मागाच्या धंद्यात गुंतलेली ही माणसे समोरचा आदर्श मुसलमान आहे की नाही, हे बघत बसली नाहीत. तो आपल्यातला विणकर होता, एवढे पुरले. लाहोरच्या हवेलीतली चूल आणि दख्खनमधला हा हातमाग, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. पण मागाची गोष्ट हवेलीच्या गोष्टीपेक्षा एक पाऊल पुढे जाते, कारण तिच्यात आजी होण्याची अट नाही. हा प्रसंग मराठी रंगमंचाने लाहोरच्या हवेलीइतक्या आपुलकीने उचललेला नाही. बीडच्या, आंब्याच्या, परळीच्या घरांतून हे कथाबीज तीन पिढ्या पडून आहे.

आणि आजचे बीड? भांडण आता केवळ दोन धर्मांचे राहिलेले नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान माजलगाव आणि बीड इथे आमदारांची घरे पेटवली गेली. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्यानंतर जिल्ह्यातली जातीची तेढ आणखी उघडी पडली. २०२५ च्या सुरुवातीला बीडच्या पोलिस अधीक्षकांनी पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवर आडनाव न लिहिता फक्त पहिले नाव लिहिण्याची पद्धत सुरू केली, कारण आडनावावरून जात कळते. हेतू चांगलाच होता. पण मुस्लिम वाचकाला त्यातली एक गोष्ट चटकन जाणवेल. शेख, सय्यद, पठाण काढून टाकले तरी अहमद किंवा इम्रान हे पहिले नावच सगळे सांगून टाकते. आडनाव झाकून इतरांची जात झाकता येते, आपली ओळख तशी झाकली जात नाही. ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यातल्या अर्धामसला गावच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट करण्यात आला, तेव्हाही कोण चांगला मुसलमान आणि कोण वाईट, असे कोणी विचारले नव्हते. सुदैवाने जीव गेला नाही आणि दोघांना त्याच दिवशी अटक झाली. पण त्या गावातल्या घराघरात, शेजाऱ्याशेजाऱ्यांत त्या सकाळी काय बोलले गेले असेल, ईदचा शिरखुर्मा कोणाकडे गेला आणि कोणाकडे जायचा राहिला, याचे नाटक अजून लिहायचे आहे.

नावाचाच विषय निघाला म्हणून सांगतो, वजाहत यांनी म्हातारीला नावच दिलेले नाही. ती सर्वांसाठी रतनची आई आहे, माई आहे, दादी आहे. ज्या मुलाच्या नावाने ती ओळखली जाते तो मुलगाच राहिलेला नाही. यात मोठे कारुण्य आहे. पण यातही तोच धोका आहे. नाव नसलेली आई कोणाचीही आई होऊ शकते, म्हणून तिला स्वीकारणे सोपे जाते. तिचे नाव असते, मालकीचे कागद तिच्या नावावर असते, तर मिर्झांना अधिक कठीण निर्णय घ्यावा लागला असता.

नाटकाचा सर्वांत मोठा कच्चा दुवा इथेच आहे. हवेली कोणाची, हा प्रश्न पहिल्या प्रवेशात उभा राहतो आणि म्हातारीच्या मरणाबरोबर नाहीसा होतो. ती मरते, तिला सन्मानाने निरोप मिळतो आणि घर मिर्झांचे होते. कोणाला काही सोडावे लागत नाही. मिर्झा तिला अखेरचा खांदा देतात हे खरे, पण खोल्यांची वाटणी करण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. रतन जिवंत परत आला असता तर? लखनौमधल्या मिर्झांच्या घरात आता कोण राहते आणि तिथे एखादी मुस्लिम म्हातारी वरच्या मजल्यावर राहिली असती तर तिला दादी म्हणणारे कोणी मिळाले असते का? नाटक या प्रश्नांच्या दारापर्यंत जाते आणि थांबते. अल्पसंख्याकाचा सन्मान त्याच्या मरणानंतर करणे सोपे असते. त्याच्याबरोबर एका छताखाली, त्याच्या हक्कासकट जगणे अवघड असते. किंमत मोजतात ते एकटे मौलवी. नाटककाराला हे कळत होते, म्हणून त्याने ऐक्याच्या गोड शेवटावर पडदा पाडला नाही, मशिदीतल्या खुनावर पाडला. त्या एका निर्णयासाठी हे नाटक मोठे आहे.

‘राहिले दूर घर माझे’ हे मराठी नाव सुंदर आहे. ते मिर्झांना लागू पडते आणि म्हातारीलाही, कारण स्वतःच्या घरात राहूनही तिचे घर दूर गेलेले आहे. पण मराठवाड्यातल्या मुसलमानाला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. आपले घर दूर राहिलेले नाही. १९४७ लाही नाही आणि १९४८ च्या त्या भयंकर दिवसांनंतरही बहुतेकांनी ते सोडले नाही. घर इथेच आहे, याच मातीत, याच भाषेत. प्रश्न फक्त एवढाच आहे की त्या घरात आपण हक्काने राहतो की चांगुलपणाच्या दाखल्यावर.

याचे उत्तर रंगमंचावर आणण्याचे काम आपल्या लेखकांचे आहे. मराठवाड्याची माती नाटकाला नापीक नाही. जालना जिल्ह्यातल्या शेतकरी तरुणांनी राजकुमार तांगडे यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ साली उभे केले, बीड जिल्ह्यातल्या गेवराईचे नंदू माधव यांनी ते दिग्दर्शित केले आणि मुंबई-पुण्याला ते पाहावे लागले. त्याच धाडसाने एक मुस्लिम घर मराठी रंगमंचावर यायला हवे. त्या घरातली आजी प्रेमळच असली पाहिजे असे नाही. ती कुरकुरी असेल, शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून भांडत असेल, नातवाच्या मराठी शाळेवर नाराज असेल, मुलाच्या हिंदू मित्राला तोंडावर टाकून बोलत असेल. आणि दंग्याच्या रात्री तिच्याशी भांडणारी तीच शेजारीण दार उघडून तिला आत घेईल, ती भली आहे म्हणून नाही, तर शेजारी आहे म्हणून. असे नाटक लिहिले गेले तर लाहोरच्या त्या मौलवींचे म्हणणे मराठीत खऱ्या अर्थाने उतरले, असे म्हणता येईल.